कायद्याचं बोलू : किरकोळ गुन्ह्याची केसच चालवली नाही तर?

या वेळी एकाच विषयावर इतकी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. अमेरिकेतल्या काही शहरांत सरकारी वकिलांनी किरकोळ गुन्ह्यांचे खटले चालवायचं बंद केलं, त्यावर आपल्याकडे भरपूर उलटसुलट फिरतंय. चार पत्रं निवडलीत.

प्रश्न : मी पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून रिटायर झालो. मुलगा बॉस्टनला असतो, त्याच्याकडे तीन महिने राहून आलो. तिथे सरकारी वकील बाईंनी दुकानातली चोरी, घुसखोरी असल्या केसेस चालवायच्याच नाहीत असं जाहीर केलं होतं असं कळलं. आमची सगळी नोकरी याच विश्वासावर गेली की भुरटा चोर वेळीच दाबला नाही तर तोच पुढे दरोडेखोर होतो. याला सुधारणा कशी म्हणायची? – एक वाचक, कोल्हापूर

काका, तुमचा प्रश्न एकदम रास्त आहे आणि तुमच्यासारखा विचार करणारे लोक तिथेही लाखोंनी आहेत. आधी नेमकं काय झालं ते सांगते कारण ऐकीव गोष्टीत ते पार बदलून जातं.

बॉस्टन ज्या सफोक काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) येतं तिथे २०१८ मध्ये डिस्ट्रिक्ट अॅटर्नीची निवडणूक झाली. हो, तिकडे बहुतेक राज्यांत मुख्य सरकारी वकील लोक मत देऊन निवडतात, त्याला सगळे डीए म्हणतात. रेचल रोलिन्स निवडून आल्या आणि जानेवारी २०१९ मध्ये कामाला लागल्या. प्रचारातच त्यांनी १५ गुन्ह्यांची यादी छापून दिली होती की यातली केस आली तर आम्ही ती सहसा पुढे नेणार नाही. दुकानातून वस्तू उचलणं, २५० डॉलरच्या आतली चोरी, घुसखोरी, सार्वजनिक शांतता भंग, निलंबित लायसनवर गाडी चालवणं, जवळ ड्रग बाळगणं, थंडीत झोपायला म्हणून रिकाम्या इमारतीत शिरणं, असं सगळं त्यात होतं. विकायच्या हेतूने ड्रग बाळगणंही होतं, आणि ते मला आजही पटत नाही, ते यादीत यायला नको होतं. पण "सहसा" हा शब्द महत्त्वाचा आहे, सरसकट बंदी नव्हती, एखाद्या केसमध्ये खटला भरायलाच हवा असं ज्युनियर वकिलाला वाटलं तर वरिष्ठाची परवानगी घेऊन तो भरता येत होता. आणि खटला नाही म्हणजे काहीच नाही असंही नाही, भरपाई द्यायला लावणं, समाजसेवा, व्यसनमुक्तीच्या उपचाराला पाठवणं हे मार्ग होतेच.

आता तुमचा मुद्दा, भुरट्याचा दरोडेखोर होतो. हे खरं की खोटं याचा अंदाज बांधत बसायची गरज नाही कारण याच काउंटीतल्या केसेसचा तीन संशोधकांनी, अमांडा एगन, जेनिफर डोलिएक आणि अॅना हार्वी यांनी, अभ्यास केलाय. त्यांनी २००४ ते २०१८ या काळातल्या केसेस घेतल्या, म्हणजे रोलिन्स यायच्या आधीच्या. युक्ती काय, तर आरोपी पहिल्यांदा कोर्टात उभा राहतो त्या दिवशी तिथे कुठला सहायक सरकारी वकील ड्युटीवर असेल हे जवळजवळ नशिबावर असतं, आणि काही वकील सौम्य असतात, काही कडक. मग सारख्याच प्रकारच्या दोन माणसांपैकी एकाची केस सौम्य वकिलाने तिथेच सोडून दिली आणि दुसऱ्याची कडक वकिलाने पुढे नेली, तर पुढच्या दोन वर्षांत दोघांचं काय झालं हे ताडून बघता येतं. निघालं असं की ज्यांची केस चालवली नाही त्यांच्यावर पुन्हा नवा गुन्हा नोंद व्हायची शक्यता ५३ टक्क्यांनी कमी झाली. वाढली नाही काका, कमी झाली.

हा आकडा ऐकून लगेच हुरळून जाऊ नये, मी पण नाही गेले. हा आकडा त्या मधल्या लोकांचा आहे ज्यांच्या बाबतीत एक वकील सोडेल आणि दुसरा धरेल. सगळेच ज्याला सोडतील किंवा सगळेच ज्याला धरतील अशांबद्दल तो काही सांगत नाही. हिंसाचार नसलेले छोटे गुन्हेच फक्त त्यात होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा फायदा मुख्यतः अशा लोकांत दिसला ज्यांच्या नावावर आधी काहीच नव्हतं. ज्याची आधीच लांब यादी आहे त्याच्या बाबतीत फरक फार थोडा. म्हणजे तुमच्या अनुभवातला तो सराईत, ज्याला तुम्ही दर दोन महिन्यांनी आणून बसवत होतात, त्याला सोडून दिल्याने तो सुधारतो असं कुणीही म्हणत नाहीये.

पण पहिल्यांदा सापडलेला पोरगा वेगळा. त्याच्यावर केस उभी राहिली की त्याचं नाव रेकॉर्डला लागतं, मग नोकरी देणारा, घर भाड्याने देणारा तो कागद बघून मागे सरतो, त्यात तारखांना हजर राहायला रजा, रजेमुळे हातची नोकरी जाणं, हे सगळं निकाल लागायच्या आधीच घडून गेलेलं असतं. आणि निकाल काय लागतो माहितीये? त्या अभ्यासात ज्यांच्यावर खटला चालला त्यातल्या साधारण चारातल्या एकालाच दोषी ठरवलं गेलं. बाकीचे सुटलेच, फक्त सगळी फरफट भोगून सुटले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपल्याकडे म्हणतात ते फिर्यादीपेक्षा आरोपीला जास्त लागू पडतं. मी फौजदारी कोर्टात वकिली करते त्यामुळे हे मला रोज दिसतं, शिक्षेने माणूस बिघडायच्या आधी केसनेच बिघडलेला असतो.

रोलिन्स यांचं धोरण लागू झाल्यावरचे आकडेही त्याच संशोधकांनी पाहिले, तेही त्याच दिशेने गेले. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, रोलिन्स पुढे बॉस्टन ज्या राज्यात येतं त्या मॅसॅच्युसेट्ससाठी केंद्र सरकारच्या प्रमुख वकील झाल्या आणि मे २०२३ मध्ये पदाच्या गैरवापराच्या चौकशीनंतर त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्याचं समर्थन मी करणार नाही, पण त्या चौकशीचा या १५ गुन्ह्यांच्या यादीशी संबंध नव्हता, लोक दोन्ही एकत्र कालवतात म्हणून लिहिलं.

प्रश्न : माझे धाकटे दीर आणि जाऊ कॅलिफोर्नियात छोटं किराणा आणि स्नॅक्सचं दुकान चालवतात. मुलं येतात, पिशव्या भरतात आणि निघून जातात, पोलिसांना फोन केला तर येतीलच असं नाही. आमच्या ग्रुपवर आलेलं की तिथे ९५० डॉलरपर्यंत चोरी माफ आहे. हे खरं आहे का? आणि असं असेल तर गरीब चोराची कीव करणाऱ्यांनी आमच्या माणसांचा विचार कधी केला? – एक वाचक, नाशिक

ताई, पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, दुसऱ्याचं नाही.

माफ वगैरे काही नाही. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव ४७ मंजूर केला, त्याने ९५० डॉलरपर्यंतची दुकानातली चोरी हा किरकोळ वर्गातला गुन्हा ठरला, तिकडच्या भाषेत मिसडिमीनर. त्याला सहा महिन्यांपर्यंत तुरुंग होऊ शकतो. त्याच्यावर गेलं की गंभीर वर्ग, म्हणजे फेलनी, लागू शकतो. अशी रेघ अमेरिकेतल्या प्रत्येक राज्यात कुठे ना कुठे मारलेलीच आहे, आणि गंमत नाही, खरंच सांगते, टेक्ससमध्ये ती २,५०० डॉलरवर आहे. टेक्ससला कुणी चोरांचं राज्य म्हणत नाही. त्यामुळे तो मेसेज पुढे पाठवू नका, उलट तो वाचून एखादा तिथे शिकायला गेलेला मुलगा फसायचा.

दुसरं, सगळं खापर "केस न चालवणाऱ्या" वकिलांवर फोडलं जातं तेही पूर्ण बरोबर नाही. लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज गॅस्कोन डिसेंबर २०२० मध्ये डीए झाले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी कुठले किरकोळ गुन्हे चालवायचे नाहीत त्याचा आदेश काढला, पण त्या यादीत दुकानातली चोरी नव्हतीच. घुसखोरी होती, दारू पिऊन रस्त्यावर असणं होतं, विनालायसन गाडी होती. तुमच्या दिरांच्या दुकानात पोलीस आले नाहीत, चोर पकडलाच गेला नाही, तर फाइल सरकारी वकिलाच्या टेबलापर्यंत पोचतच नाही, मग तो कडक असो की सौम्य. यात कायद्याची एक अडचणही होती, किरकोळ गुन्हा पोलिसाच्या डोळ्यांदेखत घडला नसेल तर त्याला सहसा स्वतःहून अटक करता येत नसे. दुकानातल्या चोरीपुरता हा नियम कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये सैल केला, आता व्हिडिओ किंवा साक्षीदाराच्या सांगण्यावरूनही अटक होऊ शकते आणि वेगवेगळ्या वेळच्या चोऱ्यांची रक्कम एकत्र मोजायची सोयही केली. हे तुमच्या दिरांना नक्की कळवा. दर वेळी तक्रार द्यायची, कंटाळा आला तरी द्यायची, फुटेज तारखेनिशी जपून ठेवायचं, काय गेलं आणि किती किमतीचं गेलं ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं. रक्कम एकत्र करायची तर आधीच्या चोऱ्यांची नोंद असायला हवी ना.

आता तुमचा खरा राग. तो मला पूर्ण मान्य आहे. या सुधारणेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी, आणि मी त्यांच्याच बाजूची आहे, दुकानदाराकडे पाठ फिरवली. आरोपीला काय भोगावं लागतं यावर ते तासन्‌तास बोलले, पण ज्याचा माल गेला त्याला "तुझी केस आम्ही चालवणार नाही, का चालवणार नाही, आणि त्याऐवजी तुझं नुकसान कसं भरून देणार" हे समोर बसून सांगितलं नाही. तेरा-चौदा तास गल्ल्यावर उभा असणारा माणूस एका चोरीने बुडत नाही, पण आपली दखलच घेतली जात नाही याने तो आतून तुटतो, आणि तो मतदारही आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये चेसा बुडीन २०१९ मध्ये डीए म्हणून निवडून आले आणि जून २०२२ मध्ये लोकांनी मतदान करून त्यांना मुदतीआधीच परत बोलावलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये गॅस्कोन हरले. त्याच दिवशी कॅलिफोर्नियाने प्रस्ताव ३६ दोन तृतीयांशांहून जास्त मतांनी मंजूर केला, त्यामुळे चोरीबद्दल आधी दोनदा दोषी ठरलेला माणूस तिसऱ्यांदा सापडला तर रक्कम कितीही लहान असली तरी फेलनी लागू शकते.

बरं, सगळीकडे असंच झालं म्हणावं तर तेही नाही. फिलाडेल्फियात लॅरी क्रॅस्नर २०१७ मध्ये निवडून आले आणि त्यानंतर दोनदा पुन्हा निवडून आले. मॅनहॅटनमध्ये अल्विन ब्रॅग यांनी जानेवारी २०२२ मध्ये आल्या आल्या असंच पत्रक काढलं, त्यावर इतका गदारोळ झाला की महिन्याभरातच त्यातले काही मुद्दे त्यांना बदलावे लागले, मुख्यतः दुकानातल्या लुटीबद्दलचे, आणि २०२५ मध्ये ते पुन्हा निवडून आले. मला यातून जे दिसतं ते एवढंच की ज्याने दुकानदाराचं ऐकून धोरण दुरुस्त केलं तो टिकला. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा सापडलेल्यावर खटला नको पण त्याच्याकडून मालाची किंमत दुकानदाराच्या हातात पडलीच पाहिजे, आणि पडेपर्यंत फाइल बंद नाही. तिसऱ्यांदा आला तर सरळ कोर्ट.

प्रश्न : मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विधानसभेने कायदा केला, पोलिसांनी पकडलं, आणि सरकारी वकील म्हणतो मी चालवत नाही, हा अधिकार त्याला कुठून मिळाला? आपल्याकडे सरकारी वकील असं करू शकतो का? – एक विद्यार्थी, सांगली

अमेरिकेत कुणावर आरोप ठेवायचा आणि कुणावर नाही हा अधिकार परंपरेने सरकारी वकिलाचा, न्यायाधीशाचा नाही. याची परीक्षा बॉस्टनमध्येच झाली. ऑगस्ट २०१९ मधल्या एका मोर्चाला विरोध करणाऱ्या काही निदर्शकांवरचे किरकोळ आरोप रोलिन्स यांच्या ऑफिसने मागे घ्यायचं ठरवलं, खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशांनी नकार दिला, प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथल्या न्यायमूर्तींनी स्पष्ट सांगितलं की सरकारी वकील खटला सोडतो म्हणाला तर न्यायाधीश तो जबरदस्तीने चालवू शकत नाही. मात्र एकेक केस बघून सोडणं वेगळं आणि अख्ख्या गुन्ह्यालाच आधीच हात न लावायचं जाहीर करणं वेगळं, हा आक्षेप जोरदार आहे आणि तू यावर नीट वाच. फ्लोरिडात ऑगस्ट २०२२ मध्ये गव्हर्नरने टॅम्पाचे निवडून आलेले सरकारी वकील अँड्र्यू वॉरन यांना याच प्रकारच्या कारणावरून निलंबित केलं. आणि सगळीकडे निवडणूक असते असं समजू नकोस, आपली इतकी माणसं राहतात त्या न्यू जर्सीत काउंटीचा प्रॉसिक्युटर गव्हर्नर नेमतो.

आपल्याकडे गाडा उलटा आहे. तपास आणि दोषारोपपत्र पोलिसांच्या हातात, सरकारी वकील त्यानंतर येतो. खटला मागे घ्यायची तरतूद आहे, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२१, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६०, पण त्याला कोर्टाची संमती लागते. आणि ती वापरली जाते कुणासाठी? भाकरी चोरणाऱ्यासाठी नाही. आंदोलनांतले, पक्षकार्यकर्त्यांवरचे खटले मागे घ्यायचे शासन निर्णय निघतात, पुढाऱ्यांचे खटले इतके मागे घेतले जायला लागले की ऑगस्ट २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की आमदार-खासदारांवरचा खटला हायकोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घ्यायचा नाही. हे मला फार लागतं. सोडून द्यायची ताकद आपल्याकडेही आहे, फक्त ती वजनदार माणसाच्या कामी येते.

नव्या न्याय संहितेत एक चांगली गोष्ट झाली. १ जुलै २०२४ पासून पाच हजार रुपयांच्या आतली चोरी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा किंमत परत केली असेल तर शिक्षा म्हणून समाजसेवा. मालकाला त्याचं परत मिळतं हे उत्तमच. पण वाक्य नीट वाच, "दोषी ठरला असेल तर". म्हणजे खटला, तारखा आणि नावावरचा ठपका हे सगळं होऊन मग समाजसेवा. बॉस्टनच्या अभ्यासाने दाखवलं ते हेच की नुकसान त्या मधल्या टप्प्यात होतं. आपल्याकडे तर तो टप्पा आणखी भयानक, २०२२ च्या अखेरीला देशातल्या तुरुंगांत असलेल्या कैद्यांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त लोक कच्चे कैदी होते, ज्यांचा निकालच लागलेला नव्हता. आधी कधीच दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचं असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं, पण ते तुरुंगातल्या माणसाला कुणीतरी सांगावं लागतं आणि तो अर्ज कुणीतरी करावा लागतो. शिकून झाल्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात काही दिवस काम कर, तिथे या माणसांना वकिलाची खरंच गरज असते.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत एमएस करते. एका मोठ्या दुकानात सेल्फ चेकआउटला काही वस्तू स्कॅन न करता बाहेर पडली म्हणून तिला पकडलं. सरकारी वकिलाने केस पुढे नेली नाही, संपलं म्हणाले. ती म्हणते आता विसरून जायचं आणि व्हिसाच्या फॉर्मवर काही लिहायचं नाही. बरोबर आहे का? – एक आई, ठाणे

ताई, केस पुढे गेली नाही ही खरोखर आनंदाची गोष्ट आहे, आधी तो श्वास सोडा. पण फॉर्मवर लिहायचं नाही हे चूक आहे, आणि हे तिला आजच्या आज सांगा.

स्थानिक सरकारी वकील आणि व्हिसा देणारं केंद्र सरकार ही दोन वेगळी घरं आहेत. एकाने सोडलं म्हणून दुसऱ्याला माहीत नाही असं होत नाही, बोटांचे ठसे घेतले असतील तर ते केंद्राकडेही पोचलेले असतात. व्हिसाच्या फॉर्ममध्ये प्रश्न दोषी ठरलात का एवढाच नसतो, कधी अटक झाली होती का असाही असतो. तिथे "नाही" लिहिलं आणि नंतर सापडलं तर खोटी माहिती दिली हा वेगळा आणि मूळ चोरीपेक्षा कितीतरी मोठा ठपका लागतो. तिला अटक झाली होती की नुसतं समन्स हातात दिलं होतं हे कागदावर बघून मगच काय उत्तर द्यायचं ते ठरवायचं, अंदाजाने नाही. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सरकारने हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेविस नोंदी (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदवही) अचानक बंद केल्या होत्या, त्यात असे कितीतरी जण होते ज्यांच्या केस केव्हाच रद्द झालेल्या, कोर्टबाजी झाल्यावर महिनाअखेरीस त्या नोंदी परत सुरू केल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये दिल्लीच्या अमेरिकन दूतावासाने जाहीरपणे सांगितलं की चोरी, मारहाण, घरफोडी असल्या गुन्ह्यांमुळे व्हिसा रद्द होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट, ही तुमच्यासाठी नाही पण दुसऱ्या पालकांनी वाचावी म्हणून. काही ठिकाणी सरकारी वकील केस सोडून देण्याऐवजी एक मधला मार्ग देतो, की वस्तुस्थिती कबूल कर, काही महिने नीट वाग, मग आम्ही केस रद्द करू. तिथल्या नागरिकाला हा सौदा चांगला असतो. परदेशी विद्यार्थ्याला घातक ठरू शकतो, कारण कबुली आणि त्यासोबत कुठलीही अट असली की इमिग्रेशन कायदा त्यालाच दोषसिद्धी धरतो, भले राज्याच्या कोर्टाने नंतर ती केस रद्द केली असेल. त्यामुळे असा कागद समोर आला तर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवायचाच, फौजदारी वकील कितीही चांगला असला तरी. तुमच्या मुलीच्या बाबतीत असा सौदा न होता केस पुढे गेलीच नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मी मगाशी म्हटलं की आनंदाची गोष्ट आहे.

आता तिने करायचं ते असं. ज्या कोर्टात प्रकरण होतं तिथून केस कशी संपली याचा सही-शिक्क्याचा दाखला काढायचा, दोन-तीन प्रती. पोलीस रिपोर्टची प्रत मिळत असेल तर तीही. युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थी कायदेशीर मदत केंद्रात जायचं, बऱ्याच ठिकाणी पहिला सल्ला फुकट असतो. वकिलाशी बोलल्याशिवाय भारतात यायचं तिकीट काढायचं नाही, कारण परत जाताना व्हिसा स्टॅम्पिंग लागलं तर हा प्रश्न तेव्हाच समोर येणार. दुकानाने पैसे मागणारं पत्र पाठवलं असेल तर तेही वकिलाला दाखवायचं, परस्पर उत्तर द्यायचं नाही. आणि तुम्ही तिच्यावर चिडला असाल तर ते साहजिक आहे, पण आत्ता ती घाबरून लपवायला लागलीये, तेव्हा आधी कागद गोळा होऊ देत.